दुभंगलेल्या घराण्याचा सेनापती

स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात ब्लेअर कॅसल ही ॲथॉलच्या ड्यूक घराण्याची गढी आहे. मार्च १७४६ मध्ये या गढीला वेढा पडला. ब्रिटनच्या भूमीवर एखाद्या गढीला पडलेला हा अखेरचा वेढा मानला जातो. आत सर अँड्र्यू ॲग्न्यू यांच्या हाताखाली इंग्रज सरकारची जेमतेम तीनशे माणसे होती. बाहेरून तापवून लाल केलेले तोफगोळे छपरावर येऊन पडत होते. हे गोळे डागण्याचा हुकूम देणारा सेनापती याच घराण्याचा मुलगा होता. त्याचे नाव लॉर्ड जॉर्ज मरे. आपल्याच वाडवडिलांची वास्तू जाळायला निघालेल्या या माणसाचे आयुष्य म्हणजे राजनिष्ठा आणि रक्ताचे नाते यांच्या ओढाताणीची कहाणी आहे.

जॉर्जचा जन्म ४ ऑक्टोबर १६९४ रोजी पर्थजवळच्या हंटिंगटॉवर येथे झाला. त्याचे वडील जॉन मरे यांना १७०३ मध्ये ॲथॉलचे पहिले ड्यूक करण्यात आले. आई कॅथरीन ही हॅमिल्टन या तितक्याच मातब्बर घराण्यातली होती. त्या काळी स्कॉटलंडमधील प्रत्येक मोठ्या घराण्यापुढे एकच प्रश्न उभा होता, खरा राजा कोणता? १६८८ च्या क्रांतीत स्टुअर्ट वंशाचा कॅथॉलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला होता. पुढे १७१४ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर घराण्याचा जॉर्ज गादीवर आला. परागंदा स्टुअर्टांचा हक्क मानणाऱ्यांना जेम्सच्या लॅटिन नावावरून जॅकोबाईट म्हटले जाई. त्यातच १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एकीकरण होऊन स्कॉटलंडची स्वतंत्र संसद संपुष्टात आली होती. या एकीकरणाला पहिल्या ड्यूकने कडाडून विरोध केला होता, मात्र नव्या राजाविरुद्ध शस्त्र उपसण्यास तो तयार झाला नाही.

मुलांनी मात्र निरनिराळ्या वाटा धरल्या. थोरला जॉन १७०९ मध्ये मालप्लाकेच्या लढाईत मारला गेला. १७१५ मध्ये जॅकोबाईटांनी उठाव केला तेव्हा वारस ठरलेला विल्यम, चार्ल्स आणि एकवीस वर्षांचा जॉर्ज असे तिघे भाऊ बंडात सामील झाले, तर जेम्स सरकारच्या बाजूने राहिला. उठाव फसला. विल्यमचा वारसाहक्क संसदेने कायदा करून काढून घेतला आणि तो जेम्सला दिला. इस्टेट घरातच राहिली, पण भावाभावांत कायमची फूट पडली. १७१९ मध्ये स्पेनच्या मदतीने दुसरा प्रयत्न झाला. ग्लेनशील येथील त्या लढाईत जॉर्ज जखमी झाला आणि युरोपात पळून गेला. वडिलांच्या मृत्यूनंतर १७२५ मध्ये त्याला माफी मिळाली व तो मायदेशी स्थिरावला.

पुढची वीस वर्षे त्याच्या आयुष्यातील सर्वांत शांत वर्षे ठरली. १७२८ मध्ये त्याने अमेलिया मरे हिच्याशी विवाह केला. तिच्याकडून स्ट्रोवनची जमीनजुमला आला. जॉर्ज शेती आणि संसार यांत रमला. ड्यूक झालेला भाऊ जेम्स याच्याशीही त्याचे चांगले जमू लागले. १७३९ मध्ये त्याने हॅनोव्हर राजाशी निष्ठेची शपथ घेतली. थोरला मुलगा जॉन ईटनमध्ये शिकला आणि त्याला सरकारी पलटणीत अधिकारपदही मिळाले. बंडखोरीचा अध्याय आता संपला, असेच कोणालाही वाटले असते.

मात्र १७४५ च्या उन्हाळ्यात स्टुअर्ट गादीचा वारस चार्ल्स एडवर्ड मोजक्या माणसांनिशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्यासोबत वृद्ध, आजारी विल्यमही होता. सैन्य ब्लेअरजवळ येताच ड्यूक जेम्सने गढी सोडली आणि विल्यम तीस वर्षांनी आपल्या घरात शिरला. जॉर्जपुढे पुन्हा तोच पेच आला. वयाची पन्नाशी गाठलेल्या, घरदार असलेल्या माणसाने हे धाडस करू नये, असेच व्यवहार सांगत होता. तरीही त्याने पर्थ येथे राजपुत्राची बाजू घेतली. त्यापूर्वी जेम्सला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला निर्णय सदसद्विवेकाला स्मरून घेतल्याचे कळवले. या निर्णयाने बायकामुलांचे सर्वस्व पणाला लागत आहे याची त्याला पुरती जाणीव होती.

बंडखोर सैन्यात त्याच्याइतका जाणता सेनानी दुसरा नव्हता. २१ सप्टेंबर १७४५ रोजी प्रेस्टनपॅन्स येथे एका स्थानिक माणसाने दाखवलेल्या दलदलीतल्या वाटेने सैन्य रातोरात शत्रूच्या बगलेवर नेण्यात आले. पहाटेच्या धुक्यात जनरल कोपच्या फौजेची पंधरा मिनिटांच्या आत दाणादाण उडाली. पुढे डिसेंबरच्या प्रारंभी हे सैन्य इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत पोहोचले. लंडन तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर होते. चार्ल्सला थेट राजधानीवर चालून जायचे होते. परंतु इंग्रज जॅकोबाईट मदतीला आले नव्हते, फ्रेंच फौजेचा पत्ता नव्हता आणि शत्रूच्या फौजा दोन बाजूंनी जवळ येत होत्या. ५ डिसेंबरच्या सल्लामसलतीत जॉर्जने माघारीचा आग्रह धरला आणि बहुतेक सरदारांनी त्याला पाठिंबा दिला. चार्ल्सने ही गोष्ट कधीच विसरली नाही. डर्बीहून पुढे गेले असते तर काय झाले असते, यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात.

माघार घेताना पिछाडी सांभाळण्याचे सर्वांत जोखमीचे काम जॉर्जने स्वतःकडे घेतले. १८ डिसेंबरला क्लिफ्टन येथे त्याने पाठलागावरील घोडदळाला रोखले. १७ जानेवारी १७४६ रोजी फॉलकर्कच्या लढाईत वादळी पावसात तो हाती तलवार घेऊन आपल्या माणसांबरोबर पायी लढला. मार्चमध्ये एका रात्रीत त्याने ॲथॉल परगण्यातील सुमारे तीस सरकारी ठाणी काबीज केली आणि मग ब्लेअरला वेढा घातला. पण त्याच्याकडे फक्त दोन हलक्या तोफा होत्या. जाड भिंतींपुढे त्यांचे काही चालले नाही. गढी पडण्याआधीच चार्ल्सने त्याला इन्व्हर्नेसला बोलावून घेतले.

दरम्यान राजपुत्राचे मन त्याच्याविषयी कलुषित झाले होते. जॉर्ज स्पष्टवक्ता, तापट आणि काहीसा ताठ होता. चुकीच्या सल्ल्यावर गप्प बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. राजपुत्राचा चिटणीस ब्रॉटनचा जॉन मरे याने हा आपला आडनावबंधू फितूर असल्याचा संशय पेरला. उठाव संपल्यावर हाच चिटणीस माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीवर लॉर्ड लोव्हॅटचा शिरच्छेद झाला. ज्याच्यावर फितुरीचा ठपका ठेवला गेला होता, त्या जॉर्जने मात्र कधीच बाजू बदलली नाही.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळरानावर शेवटची लढाई झाली. तोफखाना आणि घोडदळ यांनी सज्ज शत्रूसाठी ती सपाट जागा सोयीची आहे, हे जॉर्जने आधीच बजावले होते. आदल्या रात्री शत्रूच्या छावणीवर छापा घालण्याचा बेत त्याने पुढे केला. परंतु उपाशी, थकलेले सैनिक अंधारात वेळेवर पोहोचू शकले नाहीत आणि त्याला अर्ध्या वाटेवरून परतण्याचा हुकूम द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी ॲथॉलच्या माणसांसह उजव्या फळीवर तो शत्रूच्या रांगेत घुसला, पण तासाभरात सारे संपले. दीड ते दोन हजार जॅकोबाईट मारले गेले किंवा जखमी झाले. शरण येणाऱ्यालाही जीवदान देऊ नये, असा हुकूम जॉर्जने काढला होता, अशी आवई नंतर उठवण्यात आली आणि जखमींची कत्तल समर्थनीय ठरवण्यात आली. त्याच्या मूळ हुकमात असे वाक्य नव्हते, असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात.

दुसऱ्याच दिवशी त्याने चार्ल्सला कडक शब्दांत पत्र लिहून राजीनामा दिला. वर्षअखेरीस तो हॉलंडला पोहोचला. विल्यम जुलैमध्येच लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना मरण पावला होता. रोममध्ये चार्ल्सच्या वडिलांनी जॉर्जचे सन्मानाने स्वागत केले आणि त्याला तनखा दिला. चार्ल्सने मात्र १७४७ मध्ये पॅरिसला आलेल्या या सेनापतीची भेट नाकारली. उरलेली वर्षे परदेशातच गेली. अमेलिया अधूनमधून त्याला भेटायला येई. ११ ऑक्टोबर १७६० रोजी हॉलंडमधील मेडेमब्लिक या बंदराच्या गावी त्याचा मृत्यू झाला आणि तेथील चर्चमध्येच दफनविधी झाला.

कुटुंबाची घडी मात्र त्याच्या हयातीतच पुन्हा बसू लागली होती. थोरला मुलगा जॉन याचा विवाह १७५३ मध्ये ड्यूक जेम्सची मुलगी शार्लट हिच्याशी झाला. म्हणजे सरकारनिष्ठ भावाची मुलगी बंडखोर भावाच्या घरी सून म्हणून आली. जेम्स १७६४ मध्ये वारला तेव्हा राजद्रोह्याच्या मुलाला पदवी मिळू शकते का, हा प्रश्न लॉर्ड्सच्या सभागृहापुढे गेला. निर्णय जॉनच्या बाजूने लागला आणि तो तिसरा ड्यूक झाला. पुढच्याच वर्षी त्याने आणि शार्लटने आयल ऑफ मॅनवरील आपले वंशपरंपरागत अधिकार ७०,००० पौंडांना ब्रिटिश राजसत्तेला विकले.

धाकटा मुलगा जॉर्ज रॉयल नेव्हीत व्हाईस ॲडमिरल झाला, तर मधला जेम्स ॲथॉल हायलँडर्स पलटणीचा कर्नल झाला. अमेरिकी युद्धापुरती भरती झालेल्या या पलटणीला १७८३ मध्ये पोर्ट्समथहून हिंदुस्थानकडे पाठवण्याचा घाट घातला गेला तेव्हा सैनिकांनी कराराकडे बोट दाखवून जहाजावर चढण्यास नकार दिला. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली आणि पलटण विसर्जित झाली. वचनभंग झाला तर हुकूम मानायचा नाही, या हट्टापुढे सरकार नमले होते. तेव्हा या पलटणीचा कर्नल लॉर्ड जॉर्ज मरेचा मुलगा होता.

ज्या ब्लेअर कॅसलवर त्याने तोफा डागल्या, ती वास्तू वारशाने त्याच्याच मुलाकडे आली आणि पुढे त्याच्याच वंशजांनी तिथून ॲथॉलचा कारभार पाहिला. लॉर्ड जॉर्ज मात्र मेडेमब्लिकच्या चर्चमध्येच विसावला आहे.