बाबासाहेबांच्या प्राध्यापकांनी काढलेली शाळा, जिथे मुलं इतिहास हाताने बनवायची

इतिहासाचा तास म्हटलं की काय आठवतं? सनावळ्या, लढाया, तहाची कलमं आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागोत एक अशी शाळा होती, जिथे इतिहास शिकताना मुलांचे हात मातीने नाहीतर कापसाने भरलेले असायचे. ती काढणारा माणूस महाराष्ट्राला मात्र वेगळ्याच कारणाने माहीत आहे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक, जॉन ड्युई.

१६ मुलांची शाळा

ड्युईंचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ चा, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचा. वडिलांचं किराणा दुकान होतं. पदवीनंतर त्यांनी काही काळ शाळेत शिकवलं, १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आले.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्राथमिक शाळा सुरू केली. मुलं होती फक्त १६. पुढे ही शाळा 'लॅबोरेटरी स्कूल' म्हणून ओळखली गेली.

पहिली अडचण आली बाकांची. ड्युईंना मुलांना काम करता येईल अशी टेबलं हवी होती. दुकानांत मिळत होती ती सगळी बाकं नुसतं बसून ऐकण्यासाठी बनवलेली. शिक्षणात नेमकं काय चुकतंय, हे ड्युईंना त्या बाकांतच दिसलं.

भट्टी पेटेना, तोच धडा

इथला इतिहास राजांपासून सुरू होत नव्हता. आदिमानवाला अन्न, निवारा, हत्यारं कशी मिळाली असतील, इथपासून तो सुरू व्हायचा.

धातूचा शोध शिकताना मुलांनी मातीच्या छोट्या भट्ट्या बांधल्या. त्या आधी नीट पेटल्याच नाहीत. भट्टीचं तोंड चुकीच्या जागी, त्याचा आकारही चुकलेला. मग हवा आत कशी खेचली जाते, इंधन कसं जळतं, हे शिकणं भाग पडलं. इतिहासाच्या तासातून विज्ञान आपोआप बाहेर आलं.

कापसाचं उदाहरण तर भारीच. मुलांना कच्चा कापूस आणि लोकर देऊन दोन्हींचे धागे तपासायला सांगितलं. एका गटाने सरकी काढायला घेतली. अर्धा तास सरकी काढून हाती आला एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमपेक्षाही कमी कापूस! आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का घालायचे आणि १७९३ मध्ये एली व्हिटनीने बनवलेल्या सरकी काढण्याच्या यंत्राने एवढा फरक का पडला, हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

थोडक्यात, या वस्तू कपाटात मांडण्यासाठी नव्हत्या. पूर्वीच्या माणसांपुढची अडचण स्वतः अनुभवावी, यासाठी होत्या.

शाळा हातातून गेली

शाळा वाढत सुमारे १४० मुलांपर्यंत पोहोचली. १९०१ मध्ये ड्युईंच्या पत्नी ॲलिस मुख्याध्यापिका झाल्या. पण दुसऱ्या एका शाळेशी विलीनीकरण झालं आणि ॲलिस यांच्या पदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद पेटला. १९०४ मध्ये दोघांनीही राजीनामे दिले. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा आठ वर्षांचा मुलगा गॉर्डन टायफॉइडने गेला.

शाळा गेली, पोटचं पोरही गेलं. ड्युई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. त्यांनी पुन्हा स्वतःची शाळा चालवली नाही. शिकागोतला अनुभव मात्र १९१६ च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या मुळाशी राहिला.

बाबासाहेबांशी नातं

शिकागोतली शाळा सुटली नसती, तर ड्युई तेव्हा कोलंबियात आलेही नसते. १९१३ मध्ये आंबेडकर तिथे पोहोचले आणि ड्युईंच्या वर्गात बसले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी आपल्या या प्राध्यापकांचं ऋण नाव घेऊन मान्य केलं आहे.

जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. पण भेट राहूनच गेली. १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी ड्युई वारले होते.

शिकागोतली ती शाळा आजही सुरू आहे. आणि आपल्याकडे मुलाचा इतिहासाचा प्रोजेक्ट रात्री जागून आई-बाबाच पूर्ण करत असतील, तर ड्युईंची ती न पेटलेली भट्टी आठवायला हरकत नाही. मॉडेल वाकडं झालं तरी चालेल, ते मुलाने केलेलं असावं.