महाराणी येसूबाई

ऐतिहासिक नाटके व कादंबऱ्या यांची आमच्या विद्यार्थ्यांस मोठी गोडी आहे आणि छत्रपती संभाजी महाराजांवरील ग्रंथांची तर विशेषच. या ग्रंथांचा पडदा बहुधा तुळापुरास पडतो. महाराजांचा अंत झाला की पुस्तक मिटते व त्यांच्या राणीचे पुढे काय झाले, हे विचारण्यास वाचक थांबत नाही. वास्तविक येसूबाईंच्या चरित्राचा मोठा भाग त्या पडद्यापलीकडेच आहे आणि त्यातील काही वर्षे तर आमच्या या सोलापूर जिल्ह्यात गेली आहेत. म्हणून ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. लहानपणीच त्या शिवछत्रपतींच्या घरी सून म्हणून आल्या. 1681 साली संभाजी महाराजांस राज्याभिषेक झाला व त्या महाराणी झाल्या. पुढील वर्षी पुत्र शाहू यांचा जन्म झाला. महाराज नेहमी स्वारीवर असत. त्यांनी येसूबाईंस राज्यकारभारात अधिकार देऊन स्वतंत्र शिक्का करून दिला होता व त्या शिक्क्यात त्यांस सखी असे म्हटले होते. राजाने राणीस दागिने द्यावेत यात नवल नाही. परंतु हा शब्द आम्हांस सर्व दागिन्यांहून मोलाचा वाटतो.

1 फेब्रुवारी 1689 रोजी महाराज संगमेश्वरास मोगलांच्या हाती सापडले. वार्ता रायगडी पोहोचली. आता गादीवर कोणी बसावे? शाहू हा राजाचा पुत्र, पण अवघा सात वर्षांचा. दुसरे राजाराम महाराज. ते एकोणीस वर्षांचे होते खरे. पण ते सोयराबाईंचे चिरंजीव! नऊच वर्षांपूर्वी याच गडावर, संभाजी महाराजांस डावलून, सोयराबाईंनी याच राजारामांस गादीवर बसविले होते आणि त्यावरून घरात जे वैर पेटले त्यात सोयराबाईंचाही शोकजनक शेवट झाला होता. अशा स्थितीत आपल्या मुलाचा हक्क रेटणारी माता जगातील कोणत्याही दरबारात आढळली असती. येसूबाईंनी तसे केले नाही. पती शत्रूच्या कैदेत जिवंत असतानाच, त्यांच्या संमतीने राजारामांचे मंचकारोहण झाले. पुढे 11 मार्च रोजी महाराजांचा वध झाला.

मोगल सरदार इतिकादखान याने रायगडास वेढा घातला. सर्व राजकुल एकाच गडावर राहिले तर एकाच दिवशी सर्व संपेल, हे येसूबाईंनी ओळखले. राजारामांनी बाहेर पडावे, मुलूख फिरता ठेवावा, आपण शाहूसह गड धरून राहावे, असे ठरले. 5 एप्रिल रोजी राजाराम निसटले व पुढे दूर कर्नाटकात जिंजीस पोहोचले. गड आणखी सुमारे सात महिने टिकला. ज्या मार्गाने दीर निसटला त्या मार्गाने वहिनी व पुतण्या का गेले नाहीत, असे आमचे विद्यार्थी विचारतात. गडावर गादीचा वारस आहे, राणी आहे, तोवर शत्रूची मोठी फौज तेथेच अडकून पडणार होती. याहून निराळे उत्तर आम्हांस तरी सुचत नाही.

3 नोव्हेंबर 1689 रोजी रायगड पडला. मायलेक बादशहाच्या छावणीत दाखल झाले. औरंगजेबाने शाहूस राजा हा किताब व सात हजारी मनसब दिली आणि कैदही दिली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकांवर माया केली, हे मात्र सांगितलेच पाहिजे. परशत्रूच्या घरात एका स्त्रीने दुसरीचे दुःख जाणले.

छावणी जाईल तिकडे ही कैद जाई. 1695 पासून सुमारे चार वर्षे बादशहाचा तळ मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता. माचणूरचा किल्ला त्याची साक्ष देत आजही उभा आहे. वाचकांनी नकाशा पुढे घ्यावा. तुळापूर भीमेवर आहे. तीच भीमा पेडगावावरून, आमच्या करमाळे तालुक्याच्या कडेने, पंढरपूरवरून ब्रह्मपुरीस येते. ज्या नदीच्या तीरी पती गेला, त्याच नदीचे पाणी ही विधवा खाली तंबूत राहून पीत होती. आमच्या केमचे कुंकू गावोगाव सुवासिनींच्या कपाळी जाते. येथून थोड्याच मजलांवर महाराष्ट्राची महाराणी रिकाम्या कपाळाने मुलास वाढवीत होती. छावणीतून त्यांनी चिंचवडच्या देवांस लिहिलेल्या पत्रात खर्चाची ओढ व कर्जाची विवंचना दिसते. सात हजारी राजाच्या आईची ही दशा!

1700 साली शाहूने धर्म बदलावा असा बादशहाचा आग्रह झाला, तेव्हा प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव यांनी स्वतः मुसलमान होऊन तो प्रसंग टाळला. ती रात्र आईने कशी काढली असेल!

1707 साली औरंगजेब अहमदनगरास वारला. उत्तरेकडे जाताना त्याचा पुत्र आझमशहा याने वाटेत शाहूस सोडले. त्यात दया थोडी व डाव अधिक होता. शाहू परतला की ताराबाईंशी तंटा होणार, हे त्यास ठाऊक होते. शिवाय शाहू शब्दास जागावा म्हणून येसूबाईंस व कुटुंबातील इतरांस ओलीस ठेवून घेतले. पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेस निघाला आणि आई दिल्लीस गेली. 1708 साली साताऱ्यास त्यास राज्याभिषेक झाला, तो सोहळा तिने पाहिला नाही.

आणखी बारा वर्षे गेली. सय्यद बंधूंच्या साहाय्यास बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीस गेले. तेथील दंगलीत शेकडो मराठे पडले. 1719 साली स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या. इतिहासाची पुस्तके या सनदांचे वर्णन पानभर करतात व येसूबाईंच्या सुटकेस एक ओळ देतात. आमच्या मते शाहू महाराजांनी मात्र हिशेब उलटा मांडला असावा.

4 जुलै 1719 रोजी त्या साताऱ्यास पोहोचल्या. कैदेस तीस वर्षे होण्यास चारच महिने उणे होते. सात वर्षांचे ज्याचे बोट धरून त्या रायगड उतरल्या, तो शाहू आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता. त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्या जगल्या. साताऱ्याजवळ माहुलीस, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, त्यांची समाधी दाखवितात.