काचेआडचा संसार

आपल्याकडच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात सहसा काय असते? आग्र्याहून आणलेला ताजमहाल, मान डोलावणारी तंजावरची बाहुली आणि ज्यातून कधी कोणी चहा प्यायलेला नाही असा कपबश्यांचा संच. पाहुण्यांनी पाहावे व मुलांनी हात लावू नये, एवढाच त्या कपाटाचा धर्म! पुण्याच्या कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी मात्र काचेआड मानाने बसविले ते पानाच्या तबकातले अडकित्ते, देवघरातले दिवे आणि न्हाणीघरातल्या वज्र्या.

केळकरांचा जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता करण्याचा नाद. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्याचे वेड लागले ते कायमचे. संग्राहक म्हटला की तो मूर्तींच्या किंवा तलवारींच्या मागे असायचा. घरगुती पितळेला किंमत होती, पण ती वजनाची. घडणीचा भाव मोडीत कोण देणार? वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, आणि भांडी भट्टीत जात होती. तिथे केळकर पोचत.

वज्री म्हणजे टाच घासायची वस्तू. खालची बाजू खरखरीत, ती तर हवीच. पण वर मोर कशाला? आत खुळखुळणारे घुंगरू कशाला? कोणा कासाराला वाटले, टाच घासतानाही बाईच्या कानावर थोडा नाद पडावा. अडकित्त्याचेही तेच. सुपारी कातरायला दोन पाती पुरेत. कारागिराने त्यांतून स्त्री-पुरुषाची जोडी घडविली. काचेत ठेवल्यावर अडकित्त्याचे कातरणे संपते, ही तक्रार खरी आहे. पण दुसरी वाट भट्टीची होती.

केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. मुलगा गेल्यावर बापाने त्याची खेळणी जपावी, हे समजू शकते. या बापाने त्याच्या नावाने परक्यांच्या घरांतला संसार जपला.

पत्नी कमलाबाईंची साथ होती, असे लिहून आपण सहज मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. घराचे संग्रहालय होते म्हणजे काय, हे पाहायला येणाऱ्याला कळत नाही. ज्या बाईला त्या पसाऱ्यातून वाट काढून चूल पेटवायची असते तिलाच ते ठाऊक.

१९६० पर्यंत वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या. १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले. कोथरूडचा पडीक मस्तानी महालही काकांनी तिथे आणून जुळविला. १९७५ मध्ये हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अशा संग्रहांची पुढच्या पिढीत वाटणी होते किंवा लिलाव, म्हणून हे दान मला संग्रहाहूनही मोठे वाटते. १९८० मध्ये 'पद्मश्री' मिळाली. १९९० मध्ये काका गेले.

आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या असतात त्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीचे दिवे, डबे, अडकित्ते आत आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.