संत गोन्सालो गार्सिया : क्षमेची वाट, शांतीची वाट



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानमधील नागासाकी येथील २६ रक्तसाक्षींचे स्मरण करते. संत पौल मिकी आणि सोबती या नावाने ते जगभर ओळखले जातात. या सोबत्यांपैकी एक जण आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला आहे. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांच्या मरणाची गोष्ट आपण ऐकलेली असते. पण क्षमा म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्या मरणाआधीच्या आयुष्याकडेही पाहायला हवे.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा ते उत्तम शिकले. जवळजवळ आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. आपल्यालाही येशूसंघात घ्यावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु त्यांना प्रवेश मिळाला नाही.

जरा थांबून विचार करू या. ऐन तारुण्याची आठ वर्षे ज्यांच्यासाठी राबलो, त्यांनीच दार उघडले नाही. अशा वेळी माणूस काय करतो? कुणी देवळात यायचे सोडतो. कुणी भेटेल त्याला आपले गाऱ्हाणे सांगत फिरतो. कुणी वरून हसतो, पण आत निखारा जपून ठेवतो. गोन्सालो व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. पण पैसा हाती आला तरी देवाची हाक त्यांनी विसरू दिली नाही. फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तिथेही ते धर्मगुरू झाले नाहीत, साधे धर्मबंधू म्हणूनच राहिले.

१५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. ज्या भूमीत त्यांची निराशा झाली होती, तिथेच ते सेवा करायला परतले. पूर्वी शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर फ्रान्सिस्कनांचे म्हणणे त्यांनीच मांडले. क्योतोमध्ये या धर्मबंधूंनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. त्या काळी जपानमधील कामावरून येशूसंघ आणि फ्रान्सिस्कन यांच्यात मतभेद होते. गोन्सालो यांनी मात्र आपले आयुष्य जुना हिशेब चुकवण्यात घालवले नाही. ते रोग्यांच्या सेवेत घालवले.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. धर्मप्रसारकांच्या मागोमाग परदेशी सैन्य येईल, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. डिसेंबरमध्ये धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. मग कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

टेकडीवर पोहोचल्यावर गोन्सालो सरळ एका क्रुसाकडे गेले, असे सांगतात. तो तुमचा नव्हे, असे कळल्यावर ते दुसऱ्या क्रुसाकडे गेले आणि गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली. त्यांचे सारे जीवनच असे होते. हवे ते दार मिळाले नाही, तेव्हा देवाने दाखवलेले दार त्यांनी आपलेसे केले. ज्या संघाने त्यांना घेतले नाही, त्याच संघाचे पौल मिकी त्याच रांगेत क्रुसावर होते. मिकी यांनी क्रुसावरून लोकांना उपदेश केला आणि हिदेयोशीला व आपल्या मरणास कारण झालेल्या सर्वांना क्षमा केली. कालवारीवर प्रभू येशूने हेच केले होते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. क्षमा करणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. ख्रिस्तसभेने या २६ जणांना रक्तसाक्षी ठरवले, म्हणजेच त्यांच्यावर अन्याय झाला हे जगासमोर मान्य केले. १६२७ मध्ये गोन्सालो यांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. क्षमा करणारा चुकीला चूकच म्हणतो. फक्त तो त्या चुकीला आपल्या मनाची मालकी देत नाही. मनात वैर धरले, की ज्याने दुखावले तो दूर असूनही आपल्यावर राज्य करतो. आपण जेवतो, झोपतो, प्रार्थना करतो आणि तो मध्येच येऊन बसतो. त्याला सोडून दिले, की आपणच सुटतो. ख्रिस्ती माणसाची शांती हीच.

आपल्या कबनूर-इचलकरंजी भागात मागावरचा धागा तुटला तर काय करतात, हे कुणाला सांगायला नको. माग थांबवून गाठ मारतात, मगच पुढे विणतात. नाहीतर सगळ्या कापडात दोष उतरतो. घरात मात्र आपण तुटलेला धागा तसाच ठेवून वर्षानुवर्षे विणत राहतो. वाटणीवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. सासू-सुना एका चुलीवर स्वयंपाक करतात, पण नजर मिळवत नाहीत. मिस्सामध्ये शांतीची खूण देताना आपण शेजारच्या बाकाकडे वळतो. ज्याच्याकडे वळायला हवे, तो दोन बाक मागे असतो.

या आठवड्यात प्रत्येकाने एक नाव मनात आणावे. त्या व्यक्तीसाठी रोज प्रभूची प्रार्थना म्हणावी. जमल्यास प्रायश्चित्त संस्कार घ्यावा आणि मग स्वतःहून पहिला शब्द बोलावा. समोरून उत्तर येईलच असे नाही. तरीही आपली गाठ आपण मारलेली असेल.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

तुमचा धर्मगुरू