शिष्यवृत्तीवर शिकलेले बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपण सारे दर चौदा एप्रिलला ऐकतो. पण त्यांच्या शिक्षणाला पैसा आला कुठून, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हाला इथे तेवढेच सांगायचे आहे.

१९०७ साली मॅट्रिक झाले. सुभेदार रामजींची पेन्शन घरालाच पुरत नव्हती. केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये सुरू केले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ ला अमेरिकेसाठी महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात करार : परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. म्हणजे ती नुसती देणगी नव्हती, अंगावर घेतलेले ऋण होते.

मुदत सरली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. पुस्तके जहाजाबरोबर समुद्रात गेली. करार पाळायला बडोद्याला गेले, तर कचेरीत शिपाई लांबून कागद फेकी. पारशांच्या वसतिगृहातून लाठ्या दाखवून बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला खोली नाही! नोकरी सोडावी लागली.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५ हजार उसने दिले. तेव्हा कुठे १९२० ला पुन्हा लंडन गाठले. बॅरिस्टर झाले, डी. एस्सी. झाले.

ही ओढाताण ते विसरले नाहीत. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होताच त्यांनी अलिगड आणि बनारस विद्यापीठांच्या सरकारी अनुदानाकडे बोट दाखवले आणि आपल्या मुलांसाठी वर्षाला ३ लाख मंजूर करून घेतले. ते कर्ज नव्हते, परतफेड नव्हती. बाबासाहेबांनी ऋण भोगले होते ना! १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजही चालू आहे.

आमच्यातले कित्येकजण तिच्यावरच शिकले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हेलपाटे काय कमी झाले? पैसे कधी परीक्षा उरकल्यावर हाती पडत, तोवर आई कोणाकडून तरी उसने आणी. तरी घरातली पहिली डिग्री त्यातूनच आली. यंदा ज्यांची पोरे अकरावीला किंवा कॉलेजला जातील, त्यांनी दाखले आताच काढून ठेवावेत. फॉर्म अडला तर रविवारी वंदनेनंतर कागद घेऊन विहारात यावे, आम्ही बसलेले असतो.