ध्येयनिष्ठ दादासाहेब फाळके

मुंबईतील गिरगावात एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट चालू होता. प्रेक्षक पडद्यावरील हलती चित्रे पाहण्यात रंगून गेले होते. त्यांच्यातच सुमारे चाळीस वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा अशा पडद्यावर का दिसू नयेत, या एकाच विचाराने त्यांना झपाटून टाकले. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या कला त्यांना अवगत होत्या.

नव्या ध्यासापायी त्यांनी अहोरात्र अभ्यास आरंभिला. डोळ्यांवर अतिशय ताण पडून काही काळ त्यांची दृष्टीच गेली. योग्य उपचारांनी ती परत आली. पण निश्चय तिळभरही ढळला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून इ. स. १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि चित्रपटनिर्मितीचे ज्ञान व यंत्रसामग्री घेऊन परतले. मात्र भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले! हा चमत्कार पाहून धनिकाचा विश्वास बसला.

पत्नी सरस्वतीबाई यांनी या कार्यासाठी आपले दागिने दिले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करावा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडावीत, असा त्या माउलीचा क्रम होता. त्या काळी चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामतीची भूमिका केली. रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. भारतीयांनी भारतात निर्माण केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय. पुढे 'लंकादहन' व 'कालियामर्दन' या मूकपटांनीही लोकांना वेड लावले. 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली होती त्यांची कन्या मंदाकिनी.

बोलपटांचे युग आले आणि दादासाहेब मागे पडले. इ. स. १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्यापाशी ना धन उरले होते, ना पूर्वीची कीर्ती. परंतु त्यांनी लाविलेल्या रोपाचा विशाल वृक्ष झाला. इ. स. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच नावाने देत आहे. वाटाण्याच्या त्या इवल्याशा रोपाप्रमाणेच हे कार्यही आधी श्रमाने, मग श्रद्धेने वाढले होते.