संत जोसेफ वाझ आणि आपल्या मुलांचा नाताळ



आगमनकाळ संपत आला आहे. घरोघरी करंज्या-शंकरपाळ्यांची तयारी सुरू झाली आहे, दारावर चांदण्या लागल्या आहेत आणि युवक मंडळ गोठा उभारण्यात गुंतले आहे. या दिवसांत काही आईवडील मला हमखास एक प्रश्न विचारतात. नवे कपडे, केक आणि गाणी यापलीकडे लहान मुलांना नाताळात काय शिकवावे? दयाळूपणा शिकवावा हे सर्वांनाच पटते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाने दया करायची म्हणजे नेमके काय करायचे? उपदेश करण्याऐवजी आज मी तुम्हांला एका संताचे चरित्र सांगतो. हे संत रोमचे किंवा स्पेनचे नाहीत, आपल्या शेजारच्या गोव्याचे आहेत.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे वडील सांकवाळचे. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घरची भाषा कोकणी. सांकवाळच्या शाळेत ते पोर्तुगीज शिकले, बाणावलीला लॅटिन शिकले आणि पुढे जुन्या गोव्यात उच्च शिक्षणासाठी गेले. तेथे संत थॉमस अक्वायनस यांच्या नावाच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी मंगळूरकडील कानडी मुलखात सेवा केली आणि १६८५ मध्ये ते जुन्या गोव्यातील ऑरेटरी या धर्मगुरूंच्या समूहात सामील झाले.

त्या काळी श्रीलंकेतील ख्रिस्ती लोकांची दशा फार वाईट होती. १६५८ मध्ये डचांनी जाफना जिंकले आणि तेथे कॅथलिक धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना घालवून देण्यात आले. जवळजवळ तीस वर्षे त्या लोकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरताना डोक्यापाशी कोणी फादर नाही. ही हकिकत ऐकून फादर वाझ यांना चैन पडेना. १६८६ मध्ये ते गोव्याहून निघाले. सोबत जॉन नावाचा एक विश्वासू सेवक होता. धर्मगुरूचा झगा उतरवून, गरीब मजुराच्या वेषात, अनवाणी पायांनी ते दक्षिणेकडे गेले आणि १६८७ मध्ये समुद्र ओलांडून जाफन्याला पोहोचले.

पोहोचताच काय झाले? हगवणीच्या आजाराने त्यांना गाठले. परका मुलूख, अंगावर भिकाऱ्याचे कपडे, खिशात काही नाही. जॉनसुद्धा आजारी पडला. रोग पसरेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवले. तेव्हा एक बाई त्यांना पेज आणून देत असे, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्या पेजेवर ते दोघे जगले. त्या बाईचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. आपण ज्याला पेज देतो आहोत तो धर्मगुरू आहे, हे बहुधा तिलाही ठाऊक नसावे. समोर एक भुकेला, आजारी माणूस आहे एवढे तिला दिसले आणि तेवढे तिला पुरेसे वाटले.

बरे झाल्यावर फादर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख दिसते का, हे ते निरखत. अशा रीतीने एकेक ख्रिस्ती कुटुंब त्यांना सापडत गेले. मिस्सा रात्री, चोरून होई. १६८९ च्या नाताळात डच सैनिकांनी धाड घातली. ख्रिस्तजन्माच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या सुमारे ३०० जणांना पकडले. फादर वाझ सापडले नाहीत, पण त्यांच्या लोकांनी फार सोसले. नाताळची मिस्सा आपल्याला किती सहज मिळते, याचा विचार या रात्री आपण जरूर करावा.

पुढे ते पुत्तलम आणि तेथून १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात गेले. तेथे त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकण्यात आले. कैदेत बसून त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकून घेतली. तमिळ त्यांना येऊ लागली होतीच. ज्यांच्यात राहायचे त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायचे, हा त्यांचा नेम होता. हळूहळू राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा त्यांच्यावर विश्वास बसला.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला. घरात कोणाला देवीचे फोड दिसले की घरचेच लोक त्याला रानात नेऊन सोडू लागले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे दोघे मात्र शहरातच राहिले. ते रानात जाऊन टाकलेल्या माणसांना शोधत, त्यांच्यासाठी निवारा करीत, त्यांना भरवीत, त्यांच्या जखमा धूत आणि मेलेल्यांना मूठमाती देत. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, असे त्यांनी पाहिले नाही. दहा वर्षांपूर्वी ज्यांना वस्तीबाहेर टाकले होते, तेच फादर आता वस्तीबाहेर टाकलेल्यांना शोधत होते.

चोवीस वर्षे सेवा करून १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. ते पुन्हा कधी गोव्याला परतले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. १६ जानेवारी हा त्यांचा सण आहे.

आता हे चरित्र आपल्या बीडच्या मुलांच्या कामी कसे येईल?

इथे मला माझी एक चूक तुमच्यापुढे मांडावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना, मी नाताळच्या दिवशी धर्मशिक्षणाच्या मुलांना हजेरीप्रमाणे बक्षिसे वाटली. ज्याची हजेरी पूर्ण, त्याला रंगपेटी. मला ते अगदी न्यायाचे वाटले होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मागे उभी राहून प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. तीही त्यांच्यासोबत कोपीवर राहायची आणि नाताळसाठी दोन दिवस गावी आली होती. नंतर तिची आजी मला शांतपणे म्हणाली की पोर फडात होती, तिची हजेरी कोण मांडणार. मला काही उत्तर देता आले नाही. माझा हजेरीपट बरोबर होता आणि तरी मी एका लेकराला वस्तीबाहेर ठेवले होते.

आपल्या जिल्ह्यात नाताळ येतो तो ऐन ऊसतोडीच्या हंगामात. मुकादमाची उचल घेतलेली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळा लागताना परततात. काही मुले त्यांच्यासोबत जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणजे दया कोणावर करायची, हे शोधायला आपल्या मुलांना लांब जायला नको. वर्गातला रिकामा बाक आणि शेजारच्या घरातली एकटी आजी पुरेशी आहे.

म्हणून बालमित्रांनो, संत जोसेफ वाझ यांच्याकडून आपण पाच सोप्या गोष्टी घेऊ या.

पहिली गोष्ट पेजेची. नाताळचा फराळ पाहुण्यांना देण्याआधी एक वाटी अशा घरी न्या जिथे म्हातारी माणसे एकटी आहेत. स्वतःच्या हाताने न्या. वाटी ठेवून पळून येऊ नका. जरा वेळ बसा, त्यांची एखादी गोष्ट ऐका.

दुसरी गोष्ट शोधण्याची. वर्गातला कोण मित्र, कोण मैत्रीण तोडीला गेली आहे ते आठवा. त्यांच्यासाठी एक वही करा आणि शाळेत शिकवलेले रोज थोडे त्यात उतरवून ठेवा. ते परत येतील तेव्हा अभ्यासात फार मागे पडणार नाहीत. आईच्या फोनवरून नाताळचे एखादे गाणे म्हणून त्यांना पाठवा.

तिसरी गोष्ट भाषेची. शेजारी तांड्यावरचे किंवा परप्रांतातले कोणी मूल असेल तर त्याच्या बोलीतले दोन शब्द शिका आणि त्याला नावाने हाक मारा. चिडवण्याचे नाव नव्हे, त्याचे खरे नाव.

चौथी गोष्ट देण्याची. मोडके खेळणे देऊ नका. स्वतःला आवडते असे एखादे द्या. आणि समोरचा काही देऊ लागला, तर बोर असो की चिंच, आनंदाने घ्या. संत वाझ यांनी आधी दुसऱ्याची पेज घेतली होती, हे विसरू नका.

पाचवी गोष्ट गोठ्याची. दयेचे एक काम केले की कडब्याची एक काडी गुपचूप बाळ येशूच्या गव्हाणीत ठेवा. काडी कोणी ठेवली, कशासाठी ठेवली, हे कोणाला सांगायचे नाही. नाताळच्या रात्री बाळ येशू त्या काड्यांवर निजेल.

आईवडिलांनो, तुम्हांलाही थोडे सांगायचे आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की सद्गुण ऐकून येत नाही, तो करून करून अंगवळणी पडतो. पोहणे जसे विहिरीत उतरूनच येते. संत थॉमस यांच्या शिकवणीत दयेचे दोन भाग आहेत. दुसऱ्याचे दुःख आपल्याला लागणे हा पहिला आणि ते दूर करण्यासाठी जमेल तेवढे करणे हा दुसरा. मुलांना पहिले सहज जमते. दुसऱ्यासाठी त्यांना आपली सोबत लागते. म्हणून वाटी मुलाच्या हातात द्या, पण वाटेवर त्याच्यासोबत चाला. त्याचे फोटो काढू नका. घेणाऱ्याला कमीपणा वाटला तर त्या देण्यात दया उरत नाही. आणि मूल एखाद्या दिवशी नाही म्हणाले तर रागावू नका, उद्या पुन्हा विचारा.

या वर्षी आपल्या चर्चमध्ये हजेरीचे बक्षीस असणार नाही. खाऊ सर्व मुलांना मिळेल आणि जी मुले तोडीवर आहेत त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवला जाईल. ती ज्या रविवारी परततील, त्या रविवारी तो त्यांच्या हातात देऊ. कोणाचे मूल कोठे गेले आहे, हे घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी येत्या रविवारच्या मिस्सेनंतर मला किंवा सिस्टरांना येऊन सांगावे. एकही नाव सुटू नये अशी माझी विनंती आहे.

बाळ येशूचा जन्मही गावाबाहेरच झाला, कारण त्याच्या आईला धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. तो आपल्या मुलांना बाहेर राहिलेल्यांना शोधणारी नजर देवो. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी प्रार्थना करा.

तुम्हां सर्वांना ख्रिस्तजन्माच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

आपला,
फादर